पत्रिका, नाणेफेक आणि ‘पी’ मूल्य

नाशिक : येथे डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. संशोधनात वारंवार भेटणाऱ्या ‘पी’ मूल्याचा अर्थ समजून घेण्यासाठी ती उत्तम उदाहरण ठरते.

शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका या चाचणीसाठी वापरण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिष्याने ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील, हे ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली.

संख्याशास्त्र आरंभी ‘शून्य गृहीतक’ मांडते. येथे ते असे, की पत्रिकेवरून काहीच कळत नाही. तसे असेल तर नाणेफेकीप्रमाणे सरासरी २० उत्तरे बरोबर येतील. यशासाठी किमान २८ अचूक उत्तरांची अट होती. कारण केवळ योगायोगाने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे. शून्य गृहीतक खरे मानल्यास, हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता म्हणजे ‘पी’ मूल्य.

प्रत्यक्षात सरासरी २० पेक्षा कमी आली. सर्वोच्च गुण २४ होते. एकट्यादुकट्याने पाहता २४ गुण आशादायक वाटतात. पण तेवढे किंवा अधिक गुण योगायोगानेही सुमारे १३ टक्के वेळा मिळतात. सत्तावीस जणांत तिघाचौघांना ते मिळाले असते, तरी नवल नव्हते.

दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची असल्यास, उदाहरणार्थ दोन औषधांनंतरचा रक्तदाब, ‘टी’ चाचणी वापरतात. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तिचा पाया घातला. सरासरींतील फरकाला त्या फरकाच्या प्रमाण त्रुटीने भागले, की ‘टी’ मिळतो. नमुना लहान किंवा आकडे विखुरलेले असतील, तर मोठा फरकही निर्णायक ठरत नाही.

०.०५ ही प्रचलित सीमारेषा रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. मात्र ती निसर्गनियम नव्हे. ‘पी’ ०.०३ आला म्हणजे औषध गुणकारी असण्याची शक्यता ९७ टक्के, असा अर्थ काढणे चूक आहे. ‘पी’ मोठा आला म्हणजे फरक नाहीच, हेही सिद्ध होत नाही. फरक किती मोठा, हेदेखील त्यातून कळत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये हाच इशारा दिला. औषधाची जाहिरात असो वा भविष्यकथन, आकड्यामागील नमुना व पद्धत तपासूनच विश्वास ठेवणे हिताचे.