बनवाबनवी : उलटी आणि सुलटी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मावसबहीण इथून अर्ध्या तासावर राहते. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला, "दादा, ड्रिल घेऊन ये. पलंग जोडायचाय." गेलो. तिच्या अपार्टमेंटमधली दुसरी बेडरूम तोवर ऑफिस म्हणून वापरात होती. टेबल, दोन मॉनिटर, व्यायामाची सायकल हा सगळा पसारा आम्ही हॉलमध्ये हलवला आणि तिथे नवा पलंग उभा केला. वर चादर, उशी, उशाशी दिवा, चष्म्याची डबी. पंधरा दिवसांनी मावशी पुण्याहून यायची होती. सहा वर्षं एकत्र संसार करणाऱ्या या दोघी एकमेकींच्या फक्त 'रूममेट' आहेत, हे तिला पटायला हवं होतं.

म्हणजे मंडळी, त्या नाटकाचा नेपथ्यकार मीच. शेवटचा स्क्रूसुद्धा मीच पिळला.

काम झाल्यावर चहा पिताना पुस्तकांच्या कपाटाकडे लक्ष गेलं. एक अख्खा कप्पा प्रेमकथांचा, आणि सगळ्यांत नायिका दोन, नायक गायब! "यातल्या निम्म्या तरी एकाच गोष्टीच्या आहेत," ती म्हणाली. "दोघीजणी काही कारणाने प्रेमात असल्याचं नाटक करतात आणि मग खरंच प्रेमात पडतात."

"शेवट माहीत असताना वाचतेस कशाला?"

"तू 'अशी ही बनवाबनवी' कितव्यांदा बघतोयस?"

बिनतोड मुद्दा. मी गप्प. मग ती त्या नव्या पलंगावरची चादर नीट करत म्हणाली, "आम्ही करतो ते याच्या बरोबर उलटं आहे ना रे. म्हणून वाचते."

ते 'उलटं' डोक्यात अडकून बसलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरानंतर संपला. पण एखादा बग हाती लागला की तो मुळापर्यंत शोधल्याशिवाय चैन पडत नाही, ही आमच्या धंद्याची खोड. तेव्हा गेली दोन वर्षं सवडीने वाचत गेलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

या प्रकाराला इंग्रजीत 'फेक डेटिंग' म्हणतात. लॉजिक अगदी सोपं. दोघांना जोडी असल्याचं दाखवण्याची गरज असते. ते अटी ठरवतात. कुटुंब, मित्र, ऑफिस अशा कुठल्या तरी प्रेक्षकांसमोर नाटक सुरू होतं. आणि अटी एकेक करून मोडतात. सोंग घेऊन प्रेमापर्यंत पोचायची युक्ती काही नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मध्ये (१८८२) अर्जुन सुभद्रेसाठी संन्यासी होऊन येतो. त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये रोझलिंड मुलाच्या वेषात आपल्याच प्रियकराला सांगते, मला रोझलिंड समज आणि माझ्याशी प्रेमाचं नाटक कर. पण या सगळ्यांत शेवटी जोडी असते ती एक पुरुष आणि एक स्त्री अशीच. दोघी बायका असल्या की काय होतं? इथे आपल्याला १९५०च्या अमेरिकेत जावं लागतं.

त्या वर्षी 'गोल्ड मेडल बुक्स'ने तेरेस्का तोरेस यांचं 'विमेन्स बॅरक्स' हे पंचवीस सेंटांचं पेपरबॅक काढलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये फ्रेंच सैन्यात काम करणाऱ्या मुलींची ती कथा. त्यात बायकांचं आपसातलं प्रेमही होतं. पुस्तक तुफान खपलं आणि १९५२मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे गेलं. त्याच वर्षी त्याच प्रकाशकाने मॅरिजेन मीकर या तरुण लेखिकेची 'स्प्रिंग फायर' ही कादंबरी 'व्हिन पॅकर' या पुरुषी टोपणनावाने छापली. कॉलेजातल्या दोन मुलींची गोष्ट. संपादकाची एकच अट होती : शेवट सुखाचा नको. पुस्तकं पोस्टाने जात. दोन बायका सुखाने नांदताना दिसल्या की पोस्टखातं गठ्ठेच्या गठ्ठे जप्त करील, ही भीती. म्हणून एका नायिकेला वेड लागतं आणि दुसरीला अचानक साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच! पोस्टाच्या धाकाने लिहिलेला शेवट. तरी पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या. वाचणाऱ्या बायका बहुधा शेवटचं पान सोडून देत असाव्यात.

आता गंमत बघा. या कादंबरीतही 'फेक डेटिंग' आहे. पण ते मुलांबरोबर. लीडा ही नायिका लोकांना संशय येऊ नये म्हणून मुलांबरोबर फिरते आणि मैत्रिणीलाही तसंच करायला सांगते. म्हणजे प्रेम खरं ते लपवायचं आणि खोटं ते मिरवायचं. माझी बहीण म्हणाली तेच 'उलटं'.

हे फक्त कादंबरीत होतं असं नाही. १९५३मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी हुकूम काढला, आणि समलिंगी असणं हे सरकारी नोकरीतून काढून टाकायला पुरेसं कारण ठरलं. अशा काळात दोघी 'बहिणी' असत, 'मैत्रिणी' असत, 'खर्च वाटून घेणाऱ्या' असत. सॅन फ्रान्सिस्कोत १९५५ साली डेल मार्टिन, फिलिस लायन आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्त्रियांसाठी संघटना काढली, तिचं नाव 'डॉटर्स ऑफ बिलिटिस'. बाहेरच्याला वाटावं की कवितावाचनाचं भगिनी मंडळ आहे. नावसुद्धा सोंगच!

ॲन बॅनन ही फिलाडेल्फियातली दोन मुलांची आई. घरसंसार सांभाळून तिने १९५७पासून अशा कादंबऱ्यांची मालिका लिहिली. १९५९च्या 'विमेन इन द शॅडोज'मध्ये तिची लॉरा आपल्या जॅक नावाच्या मित्राशी लग्न करते. जॅकला पुरुष आवडतात, लॉराला बायका. लग्न म्हणजे दोघांच्या डोक्यावरची एक छत्री. २०२२मध्ये 'बधाई दो' हा हिंदी सिनेमा पाहिलात ना? राजकुमार राव आणि भूमी पेडणेकर करतात ते हेच. मधे त्रेसष्ट वर्षं गेली, युक्ती तीच.

या अंधारात एक खिडकी उघडली होती. १९५२मध्येच पॅट्रिशिया हायस्मिथने 'क्लेअर मॉर्गन' या नावाने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली. दुकानातली विक्रेती टेरेझ आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची कॅरल. कॅरलला मुलीचा ताबा गमवावा लागतो, पण दोघींपैकी कुणी मरत नाही, कुणाला वेड लागत नाही, आणि शेवटी त्या एकमेकींकडे परततात. एवढ्यासाठी वाचकांनी लेखिकेला पत्रांमागून पत्रं पाठवली. तरी हायस्मिथने आपलं खरं नाव त्या पुस्तकावर घालायला १९९० साल उजाडलं. २०१५चा 'कॅरल' हा सिनेमा त्याच पुस्तकावरचा.

आणि पोस्टाचं काय झालं? लॉस एंजेलिसच्या 'वन' या मासिकाचा ऑक्टोबर १९५४चा अंक पोस्टाने अडवला. आक्षेपांमध्ये एक कथाही होती. तिच्यात तरुण नायिका मित्राला सोडून एका स्त्रीबरोबर राहायचं ठरवते. खालच्या कोर्टांनी पोस्टाची बाजू घेतली. जानेवारी १९५८मध्ये सुप्रीम कोर्टाने, युक्तिवादसुद्धा न ऐकता, तो निकाल फिरवला. सुखाच्या शेवटाला कायद्याची हरकत उरली नाही. पण 'फेक डेटिंग'ची गोष्ट लिहायला एवढं पुरेसं नव्हतं. का?

माझ्या मते उत्तर प्रेक्षकांत आहे. दोघी जोडी असल्याचं सोंग तेव्हाच घेतील जेव्हा त्याचा काही फायदा असेल, निदान तोटा नसेल. जे उघड झाल्यावर नोकरी जाते, त्याचं खोटं सोंग कोण घेईल? त्यासाठी आधी भावाच्या लग्नात "ही माझी गर्लफ्रेंड" म्हटल्यावर मांडव कोसळता कामा नये. तो मांडव बांधायला आणखी पन्नास वर्षं लागली. वर ज्यांचं नाव आलं त्या डेल आणि फिलिस १९५३पासून एकत्र राहत होत्या. १२ फेब्रुवारी २००४ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये त्यांचं लग्न लागलं. ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. १६ जून २००८ला पुन्हा लागलं. आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला डेल गेल्या. पंचावन्न वर्षांच्या सोबतीनंतर कायद्याचा संसार दहा आठवड्यांचा. पुढे २६ जून २०१५ला सुप्रीम कोर्टाने देशभर हा हक्क दिला.

आता तारखा जुळवून बघा. २०१४मध्ये एमटीव्हीवर 'फेकिंग इट' मालिका आली. टेक्ससमधल्या एका शाळेत दोन मैत्रिणींना सगळे जोडी समजतात, त्यामुळे त्या लोकप्रिय होतात, म्हणून त्या ते नाटक चालू ठेवतात आणि त्यातली एक खरंच प्रेमात पडते. २०२०मध्ये अलेक्झांड्रिया बेलफ्लोरची 'रिटन इन द स्टार्स'. सिएटलमधली एक ज्योतिषी, दुसरी विमा-गणिती. भाऊ सारखी स्थळं सुचवतो म्हणून खोटी जोडी! (हे दुखणं फक्त आपल्याकडे आहे असं वाटत होतं ना?) आणि २०२१मध्ये अदिबा जैगिरदारची 'हानी अँड इशूज गाइड टू फेक डेटिंग'. डब्लिनमधल्या दोन बंगाली मुली, एक बांगलादेशी मुस्लिम, एक भारतीय. हानीला मुलीही आवडतात यावर तिच्या मैत्रिणींचा विश्वास बसत नाही, म्हणून ती इशूचं नाव पुढे करते. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी वाचावी अशी ही गोष्ट आहे, आणि आईबापांनी त्यांच्यानंतर गुपचूप.

यात वाचणाऱ्याला काय मिळतं? एक तर आडोसा. हात धरला तरी "नाटकच आहे" म्हणता येतं. दुसरं, मैत्री कुठे संपते आणि प्रेम कुठे सुरू होतं हा घोळ. मुलगा-मुलगी हातात हात घालून चालले की लोक लगेच अंदाज बांधतात. दोन मुली चालल्या की "किती छान मैत्रिणी!" कधीकधी त्यांनाही कळत नाही. या गोष्टीत निदान प्रश्न तोंडाने बोलला जातो. पण तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ही रंगीत तालीम असते. खोट्या गर्लफ्रेंडला आई जेवायला वाढते, आजी "पुन्हा ये हं" म्हणते. नायिकेला फुकटात बघायला मिळतं, की आपण खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं. ज्यांनी आयुष्यभर उलटं नाटक केलं, त्यांना ही तालीम पुन्हा पुन्हा बघावीशी वाटली तर नवल काय?

हे मला खरं पटलं ते एका मराठी नाटकामुळे. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', १९८१. मित्रा म्हणजे सुमित्रा. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, नमा नायिकेची, आणि रंगमंचावरचं ते खोटं प्रेम मित्रासाठी खरं होतं. अहो, हीच की ती गोष्ट! तोच फॉर्म्युला, तोही अमेरिकन कादंबऱ्यांच्या कितीतरी आधी. पण मित्राच्या आजूबाजूला वाढणारी आई नाही, "पुन्हा ये" म्हणणारी आजी नाही. ती आत्महत्या करते. तिची गोष्ट सांगतो तो बापू, बाजूला उभा राहून सगळं पाहिलेला मित्र. प्रोग्रॅम तोच, आउटपुट वेगळं. फरक प्रेक्षकांचा.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा फास सुटला. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. पण घरात कोण काय बोलतं, हे कोर्ट ठरवत नाही.

मावशी महिनाभर राहिली. परत जाताना एअरपोर्टला मी सोडलं. फ्रीवेवर बराच वेळ गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या खोलीतल्या पलंगावरची चादर महिनाभर तशीच होती रे. एक सुरकुती नाही." मला काही सुचलं नाही. मी एक्झिट चुकलो.

हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती हसली, मग बराच वेळ बोलली नाही. हा लेख लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस. ते मी स्वतः सांगेन."

आपल्या मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो, हे तुम्हाला माहीत आहे. फॅमिली मेंबरशिपच्या फॉर्मवर 'पती/पत्नी' असा रकाना होता. यंदा कमिटीला विचारून तो 'जोडीदार' केला. एका ओळीचा बदल, पाच मिनिटांचं काम. मीटिंगमध्ये मात्र त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. असो.

बहिणीने फॉर्म अजून भरलेला नाही. मुदत डिसेंबरअखेर आहे. तो पलंग आम्ही गेल्या महिन्यात विकला.