फेडायचे ऋण आणि सोडायचे ऋण

कर्नाळ्याचा सुळका मुंबई–गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मात्र १५४० च्या सुमारास या गडावर पोर्तुगीज शिबंदी होती, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. गुजरातच्या सुलतानाच्या बाजूने वसईहून आलेल्या पोर्तुगिजांनी निजामशाही फौजेकडून कर्नाळा घेतला आणि पुढे वर्षाला ५,००० सोन्याचे पर्दाव घेण्याच्या बोलीवर तो निजामशहालाच परत दिला. गडाचा निकाल असा देण्याघेण्यात लागला.

या शिबंदीच्या धर्मात येशूने शिकवलेली प्रार्थना लॅटिनमध्ये म्हटली जाई. देवाकडे क्षमा मागताना तीत शब्द येतो ‘देबिता’, म्हणजे देणी. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानातही देणीच आहेत. लूकने तेथे ‘पापे’ म्हटले, पण लगेच पुढच्या अर्ध्या वाक्यात त्याच्याकडेही ऋणकोच येतो. कारण उघड आहे : येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ हा एकच शब्द कर्ज आणि पाप या दोन्ही अर्थांनी चाले.

बंगालातील श्रीरामपूरच्या मिशनने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. आज प्रचारात असलेल्या मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या या जागी ‘ऋण’ हा शब्द आहे. मराठी कानाला तो परका नव्हता. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही आपली जुनी त्रयी. पण ही ऋणे फेडायची असतात; या प्रार्थनेतले ऋण सोडून द्यायचे असते. एका क्रियापदाचाच फरक, पण तो लहान नाही. शिवाय अट अशी की, मागणाऱ्याने आपल्या ऋणकोंना आधी सोडलेले असावे.

ही अट किती जड, हे एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात पाहावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणात १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये बंड उभारले, तेव्हा सावकारांचे वाडे लुटले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने पनवेलजवळचे पळस्पे लुटले. वर्षअखेरीस सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायाधीशाने केवळ खत पाहून हुकूमनामा न देता मूळ व्यवहार तपासावा, अशी सोय त्यात होती. पण आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. सह्याद्रीच्या अलीकडचे कोकण बाहेर राहिले.

बंडाने खते लुटली, कायद्याने हिशेब तपासला. प्रार्थना तिसरीच गोष्ट मागते : धनकोने स्वतः हिशेब मिटवावा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तिचे गणितच मांडले आहे. राजा एका चाकराचे दहा हजार तालांत माफ करतो. तोच चाकर सोबत्याला शंभर दिनारांसाठी तुरुंगात टाकतो. दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे ६,००० दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची सूट घेणाऱ्याला शंभर दिवस सोडवेनात.

म्हणून ‘ऋण’ ऐवजी ‘पाप’ म्हटले की ही प्रार्थना सोपी होते. पाप मनात राहते. ऋण सावकाराच्या वहीत असते, आणि वही कोणाच्या हातात आहे ते गावाला ठाऊक असते. मराठी भाषांतरकारांनी वहीतला शब्द ठेवला, हे त्यांचे मोठेच काम होय.