आंजर्ले–मुंबई हवाई अंतर

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले आणि मुंबईचा फोर्ट भाग यांच्यामधील सरळ रेषेतील अंतर. ते सुमारे १२३ किमी भरते. आंजर्ल्याला विमानतळ नाही, त्यामुळे ‘हवाई’ हा शब्द येथे फक्त मोजणीपुरता आहे.

आंजर्ले साधारण १७° ५१′ उत्तर, ७३° ०५′ पूर्व येथे, तर फोर्ट १८° ५६′ उत्तर, ७२° ५०′ पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किमी. या पट्ट्यात रेखांशाचा अंश सुमारे १०५ किमी. म्हणजे आंजर्ले मुंबईच्या दक्षिणेला १२० किमी आणि पूर्वेला जेमतेम २६ किमी. एवढ्या छोट्या टप्प्याला पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. मुंबई–दिल्लीसारख्या अंतरासाठी (सुमारे १,१५० किमी) मात्र पृथ्वीचा गोलावा धरून बृहद्‌वृत्तावरचे अंतर काढतात. विमान प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच उडते, कारण ठरलेले हवाई मार्ग, वारा आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या हिशेबात येतात.

गंमत अशी, की मुंबईहून पुणेही सरळ रेषेत जवळपास तितकेच, सुमारे ११७ किमी आहे. पुण्याचा रस्ता मात्र दीडशे किलोमीटरमध्ये संपतो आणि आंजर्ल्याचा सव्वादोनशेच्या घरात जातो. दोष डोंगरापेक्षा खाड्यांचा जास्त. धरमतर, राजपुरी, बाणकोट या खाड्या किनारा कापत आत शिरल्या आहेत. म्हणून गाडीने पनवेल–माणगाव असे आतून उतरायचे, आंबेतला सावित्री ओलांडायची आणि मंडणगडमार्गे पुन्हा समुद्राकडे वळायचे. बागमांडला–वेश्वी फेरीबोट यातला काही वळसा वाचवते. आंजर्ल्याच्या दारातही हेच होते: जोग नदीच्या खाडीवर पूल होण्यापूर्वी हर्णै बाजूला जायचे तर तरीतून, नाहीतर लांबून फिरून. मुंबईच्या आगबोटी हर्णैला थांबत त्या काळात चाकरमान्याचा प्रवास हवाई अंतराच्या बराच जवळचा होता. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बोटीला खाडी आडवी येत नाही. रस्ते आले, बोटी गेल्या आणि अंतर वाढले, असे म्हणायला हरकत नाही.

सरळ रेषेची मर्यादा आंजर्ल्याच्या कासवांनीही दाखवली आहे. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्यांना उपग्रह टॅग बसवले गेले. आंजर्ल्याच्या मादीचे नाव सावनी. असा टॅग मादी पृष्ठभागावर आली की तिचे स्थान कळवतो. ते बिंदू रेषांनी जोडून जी बेरीज येते, ती मादी खरोखर पोहली त्याहून कमीच असते.

चालू विमानतळांपैकी पुण्याचा (लोहगाव) आंजर्ल्यापासून सरळ रेषेत सुमारे १२० किमी आणि मुंबईचा (सांताक्रूझ) सुमारे १४० किमी आहे. पुण्याच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. मध्ये सह्याद्री आहे आणि ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरावाच लागतो. नकाशावर मोजलेल्या किलोमीटरची जवळपास दुप्पट धरून निघावे.