'मेहरांगीर': डॉ. होमी भाभा यांचं मलबार हिलवरचं घर, आणि ते का राहिलं नाही

उडीद पेरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना टीएयू-१ हे वाण माहीत आहे. उन्हाळी भुईमूग घेणाऱ्यांना टीएजी-२४ माहीत आहे. या नावांतला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून हे वाण काढले. ज्या डॉ. होमी भाभांनी ट्रॉम्बेचं हे केंद्र उभं केलं, त्यांचं राहतं घर मुंबईत मलबार हिलवर होतं. नाव 'मेहरांगीर'. आज ते घर जागेवर नाही. २०१४ साली विकलं गेलं आणि २०१६ मध्ये पाडलं गेलं.

घराचं नाव आईवडिलांवरून. आई मेहेरबाई आणि वडील जहांगीर, दोन्ही नावं जोडून मेहरांगीर. होमी यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. पोरानं इंजिनिअर व्हावं आणि टाटांच्या कारखान्यात लागावं अशी घरच्यांची इच्छा होती, म्हणून १९२७ मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवलं. त्यांनी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं, पण मन भौतिकशास्त्रात. वडिलांना तसं पत्रानं स्पष्ट कळवलं आणि पुढं गणित, भौतिकशास्त्र धरलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांनी १९३५ मध्ये मांडलेलं गणित आजही जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणून शिकवतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि तिकडं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहून गेलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते, तिथं ते शिकवू लागले, पुढं प्राध्यापक झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. बंगळुरूहून ती मुंबईला आली तेव्हा पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' नावाच्या बंगल्याच्या काही भागात बसली. तो बंगला भाभांच्या नात्यातलाच. देशातली एवढी मोठी संस्था घरगुती जागेत सुरू झाली, हे आजच्या कोटींच्या इमारती पाहून खरं वाटत नाही.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, भाभा अध्यक्ष. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही आशियातली पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. या सगळ्या काळात मुंबईतलं त्यांचं घर मेहरांगीरच. लग्न केलं नव्हतं. चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीत ऐकायचे, झाडांचं भारी वेड. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं, त्यात ते गेले. वय ५६. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं.

आता घराचं काय झालं ते. होमींच्या मागं घर भाऊ जमशेद भाभांकडं राहिलं. मुंबईच्या नरिमन पॉइंटची कलासंस्था एनसीपीए, ती उभारण्यात जमशेद यांचा मोठा वाटा. २००७ मध्ये ते वारले आणि मृत्युपत्रानं घर एनसीपीएला गेलं. संस्थेला चालण्यासाठी पैसा लागतो, तिनं घर लिलावात काढलं. १८ जून २०१४ ला लिलाव झाला. किमान किंमत २५७ कोटी होती, बोली ३७२ कोटींवर गेली. मालमत्ता सुमारे १७ हजार चौरस फुटांची. आपल्या हिशोबानं जेमतेम सोळा गुंठे! खरेदीदार गोदरेज घराण्यातले.

भाभा अणुसंशोधन केंद्राचे कर्मचारी उच्च न्यायालयात गेले होते. घर राष्ट्रीय स्मारक करा, संग्रहालय करा, अशी त्यांची मागणी. लिलाव काही थांबला नाही. इथं कायद्याची अडचण समजून घ्यावी लागते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक धरायला वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. विसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञाचं घर त्यात कुठून बसणार? सिंदखेड राजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिथं जिजाऊंचा जन्म झाला, तो राज्य संरक्षित स्मारक आहे. चारशे वर्षांच्या वाड्याला दार आहे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घराला त्या केंद्रीय कायद्यात नाही. अशी घरं सरकारनं विकत घ्यावी किंवा मालकानं स्वतःहून द्यावी, असेही मार्ग असतात. एनसीपीएला दोष देणं मला बरोबर वाटत नाही, मृत्युपत्रानं मिळालेली मालमत्ता विकायचा तिला हक्क होता. पण जमशेदभाई गेले त्या २००७ पासून लिलावापर्यंत सात वर्षं होती. हालचाल त्या सात वर्षांत व्हायला पाहिजे होती.

एक खुलासा, कारण गावात अजून विचारतात. ट्रॉम्बेच्या वाणात किरणोत्सर्ग राहत नाही. सुरुवातीच्या बियाण्यावर एकदाच गॅमा किरण सोडतात, त्यातून बदल झालेली रोपं निवडतात, मग पिढ्यान् पिढ्या पारखून आणि गरजेप्रमाणे संकर करून वाण ठरतं. टीएयू-१ असंच १९८५ मध्ये आलं. तुरीचं टीएटी-१०, मुगाचं टीएआरएम-१ हेही ट्रॉम्बे-अकोला जोडीचेच.

मुंबईत भाभांच्या आठवणीचं काही पाहायचं असेल तर कुलाब्याला टीआयएफआरची इमारत आहे. १९६२ मध्ये तिचं उद्घाटन झालं. आतली चित्रं आणि बाहेरची बाग भाभांच्याच आवडीची. आत जायला मात्र आधी परवानगी लागते, शाळा-कॉलेजनं आधी पत्र लिहून विचारावं. मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेनं मुंबईला उतरलं की तिथून कुलाबा फार लांब नाही. मलबार हिलवर मेहरांगीरच्या जागी जाऊन पाहण्यासारखं आता काही नाही.