आयापेटसचे ग्रहण आणि बर्नार्डची पहाट

सॅन होजेहून पूर्वेकडे पाहिले, की स्वच्छ हवेत डोंगरमाथ्यावर पांढरे घुमट दिसतात. ती माउंट हॅमिल्टनवरची लिक वेधशाळा. देशातून आलेल्या पाहुण्यांना आपण गोल्डन गेट हौसेने दाखवतो, इथे मात्र सहसा नेत नाही. रस्ता १८७६ सालचा, घोड्यांना चढ झेपावा म्हणून वळणावळणांचा केलेला. बऱ्याच जणांना गाडी लागते. पण मंडळी, २ नोव्हेंबर १८८९ च्या पहाटे तिथे काय घडले ते ऐकलेत, तर पुढच्या पाहुण्यांना आपण नक्की वर न्याल.

शनी म्हटले की आपल्याला साडेसाती आठवते. एडवर्ड एमर्सन बर्नार्डची ती जन्माआधीच सुरू झाली होती म्हणायची. १८५७ साली नॅशव्हिलमध्ये जन्म, वडील त्याआधीच वारलेले, शाळा जेमतेम दोन महिने. नऊ वर्षांचा असताना हा मुलगा फोटो स्टुडिओत कामाला लागला. पुढे दुर्बीण घेऊन त्याने धूमकेतू शोधले. पेटंट औषधे विकणाऱ्या एका धनिकाने दर नव्या धूमकेतूमागे दोनशे डॉलर बक्षीस लावले होते. त्या पैशांवर बर्नार्डचे घर उभे राहिले. १८८८ साली तो लिकमध्ये रुजू झाला. तिथली ३६ इंची दुर्बीण तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. बर्नार्डच्या हाती होती ती १२ इंची.

शनीच्या तेजस्वी कड्यांच्या आतल्या बाजूला एक अंधुक, झिरझिरीत कडे आहे. ते १८५० साली सापडले. त्याच्या आरपार शनीचा गोल दिसतो हेही ठाऊक होते. पण ते किती झिरझिरीत? सगळीकडे सारखेच विरळ? कडी असंख्य सुट्या कणांची असली पाहिजेत, हे मॅक्सवेलने १८५९ साली गणिताने दाखवले होते. वेधाचा पुरावा मात्र तुटपुंजा होता.

इथे आयापेटस उपयोगी पडला. कड्यांची सावली अवकाशात तिरकी पडते आणि शनीचे बहुतेक मोठे उपग्रह कड्यांच्याच पातळीत फिरतात, त्यामुळे ते तिच्यात शिरत नाहीत. आयापेटस सुमारे ३५ लाख किलोमीटरवर, कड्यांशी अंदाजे १५ अंशांनी कललेल्या कक्षेत, ७९ दिवसांत एक फेरी मारतो. कड्यांच्या सावलीतून त्याचे जाणे क्वचितच घडते. या वेळचे ग्रहण अल्बर्ट मार्थ याने आधीच गणित करून कळवले होते.

मध्यरात्र उलटल्यावर उगवलेल्या शनीकडे बर्नार्डने दुर्बीण लावली. शनीच्या गोलाच्या सावलीतून आयापेटस बाहेर आला आणि गोल व कडे यांमधल्या फटीतल्या उन्हात उजळला. मग तो झिरझिरीत कड्याच्या सावलीत शिरला. नाहीसा झाला नाही, मंद होऊ लागला. बर्नार्डजवळ प्रकाश मोजायचे यंत्र नव्हते. तो शेजारच्या टेथिस आणि एन्सेलाडसशी आयापेटसची तुलना करून नोंद करी: याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा मंद. माझ्यासारख्या इंजिनियरला यातली हुशारी फार आवडते. हवा धूसर झाली तर तिन्ही ठिपके सारखेच मंदावणार, तुलना बिघडत नाही. नोंदींचा आलेख सलग उतरत गेला, आणि तेजस्वी कड्याच्या सावलीत आयापेटस दिसेनासा झाला.

म्हणजे झिरझिरीत कडे उन्हाला वाट देते, पण बाहेरच्या कडेकडे ते दाटत जाते. आणि तेजस्वी कडे जवळजवळ अपारदर्शक आहे. शनीवर यान पोचायच्या जवळजवळ ९० वर्षे आधी हे एका माणसाच्या डोळ्यांनी टिपले!

नंतर कीलरने १८९५ साली वर्णपटावरून कड्यांचे कण वेगवेगळ्या गतीने फिरतात हे सिद्ध केले, तेव्हा मॅक्सवेलच्या गणितावर शिक्कामोर्तब झाले. बर्नार्डच्या नोंदीही फायलीत पडून राहिल्या नाहीत. कुक आणि फ्रँकलिन यांनी १९५८ साली त्यांच्यावरून कड्यांची दाटी काढायला घेतली. १९८१ साली व्हॉयेजर-२ ने कड्यांआडून जाणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश मोजला. युक्ती तीच, फक्त आयापेटसच्या जागी तारा.

३६ इंची दुर्बीण बर्नार्डला आठवड्यातून एक रात्र मिळू लागली ती १८९२ साली, संचालक होल्डन यांच्याशी बरीच हुज्जत झाल्यावर. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला त्याने तिच्यातून गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. वर गेलात, की पाहुण्यांची गर्दी त्याच दुर्बिणीभोवती असते. त्याच इमारतीत दुसरा, लहान घुमट आहे. १२ इंची दुर्बीण आता तिथे नाही, तिच्या जागी ४० इंची निकेल दुर्बीण बसवली आहे; पण ती पहाट घडली तो घुमट हाच.