भित्यापाठी ब्रह्मराक्षस

श्रोतेहो, भीती ही मुळात काही वाईट वस्तू नव्हे. गवत कापताना पायाशी साप सळसळला आणि माणूस चार पावले मागे सरला, तर त्याला आपण भित्रा म्हणत नाही, शहाणा म्हणतो. परंतु पुस्तकातले सापाचे चित्र पाहूनच एखाद्याला दरदरून घाम फुटू लागला, छाती धडधडू लागली, आणि त्या धास्तीने तो शेताकडे फिरकेनासा झाला, तर मग राखणदारच घराचा मालक होऊन बसला म्हणायचे. अशा भीतीला मानसशास्त्रात भयगंड म्हणतात. कुणाला तो कुत्र्याचा असतो, कुणाला उंचीचा, कुणाला काळोखाचा, तर कुणाला डॉक्टरच्या सुईचा. हा गंड जडतो कसा आणि सुटतो कसा, हे माणसाला कसकसे उमगत गेले, त्याची हकीकत आज ऐकू या.

ही व्याधी आजकालची नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिप्पोक्रेटिस नावाचे थोर वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यांत निकानोर नावाच्या एका गृहस्थाची नोंद आहे. रात्रीच्या मेजवानीत बासरी वाजू लागली की हा गृहस्थ भीतीने गर्भगळित होई. दिवसा मात्र तीच बासरी त्याला काही करीत नसे! पुढे १८७१ साली बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी काही रोग्यांची हकीकत लिहिली. चांगली धडधाकट माणसे, पण मोकळा चौक ओलांडायचा म्हटले की त्यांचे पाय लटपटत. सोबतीला कुणी असले तर मात्र ती पार होत. रोगाला नाव मिळाले, वर्णन मिळाले. कारण काही सापडले नाही. आपल्याकडेही अशा माणसाला कुणी भित्रा म्हणून हिणवी, कुणी बाधा झाली म्हणून अंगारा लावी.

कारणाचा एक धागा सापडला तो विसाव्या शतकात. रशियाचे शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी दाखवून दिले होते, की अन्नाच्या आधी दर वेळी ठरावीक खूण केली, की पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. मग भीतीसुद्धा अशीच जोडली जात असेल काय? अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन वॉटसन आणि रोझॅली रेनर यांनी हे एका तान्ह्या बाळावर करून पाहिले आणि १९२० साली प्रसिद्ध केले. अल्बर्ट या नावाने त्यांनी त्या बाळाची हकीकत लिहिली. ते बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. मग त्याने उंदराकडे हात नेला, की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडीचा दणका द्यायचा, असे सुरू झाले. थोड्याच दिवसांत दणका नसतानाही, नुसता उंदीर पाहून ते रडू लागले. एवढेच नव्हे, तर ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते बिचकू लागले. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, अशी आपल्याकडे म्हण आहे; तिचाच हा पडताळा. परंतु एका बाळावरून सारा सिद्धांत ठरत नाही, आणि ती भीती घालवण्याआधीच बाळ तिथून नेले गेले. आज असा प्रयोग कुणी करू म्हटले तर त्याला परवानगी मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे.

ते राहिलेले काम चार वर्षांनी एका बाईंनी केले. मेरी कव्हर जोन्स त्यांचे नाव. पीटर नावाचा तीन वर्षांचाही नसलेला मुलगा सशाला फार भीत असे. बाईंनी त्याला दटावले नाही, की ससा एकदम त्याच्या मांडीवर आणून टाकला नाही. ज्यांना सशाची भीती नाही अशी मुले त्यांनी त्याच्याबरोबर खेळायला बसवली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. तो तिथे सोसवला, की थोडा जवळ. मध्येच पीटरला ताप येऊन तो दोन महिने दवाखान्यात राहिला. परत निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, सोबतची परिचारिकाही घाबरली, आणि पीटरची भीती पुन्हा पहिल्या जागी गेली. बाईंनी धीर सोडला नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला. शेवटी तोच पीटर सशाला आपली बोटे चाटू-कुरतडू देऊ लागला. हे १९२४ साली छापून आले.

दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी हीच वाट बांधून काढली. १९५८ साली त्यांचे पुस्तक निघाले. आधी अंग सैल सोडायला शिकायचे; मग ज्या गोष्टीची भीती, तिच्या पायऱ्यांची उतरंड करायची, आणि सर्वांत सोप्या पायरीपासून एकेक पायरी चढायची.

आता कुणी विचारील, ज्याला साप कधी चावला नाही तोही का भितो? तर भीती पाहूनही शिकता येते. अमेरिकेत सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. रानातली माकडे भिताना पाहिली, आणि तीही लवकरच भिऊ लागली. फुलाची भीती मात्र त्यांना अशी शिकवता आली नाही. म्हणजे काही भयांसाठी जिवाची जमीन आधीच नांगरलेली असते. आई पाल पाहून किंचाळली, की कडेवरचे मूल तेवढ्यात धडा घेते.

आणि एकदा जडलेली भीती वर्षानुवर्षे टिकते का? तर आपण पळतो म्हणून. पळालो की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. ती सुटका मनाला गोड लागते, आणि कुत्रा खरोखर काय करतो हे पाहायचे मात्र राहूनच जाते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

गुरुजनहो, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, या इतिहासातून आपण काय घ्यावे? पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधून पोराला हळूहळू पाण्यात सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. भीतीच्या बाबतीतही तेच करावे. कुत्र्याला भिणाऱ्या मुलाला आधी चित्र दाखवावे, मग दूरचा बांधलेला गरीब कुत्रा, मग जवळचा. मूल शांत होईपर्यंत त्याच पायरीवर थांबावे. वर्गात त्याची थट्टा होऊ देऊ नये. बागुलबुवा, पोलीस, सुई यांचा धाक तर घालूच नये; तो धाक उद्या लसीच्या वेळी आपल्याच अंगाशी येतो. अन् एकदम ढकलून देणे म्हणजे अल्बर्टचा हातोडा पुन्हा उचलणे. मात्र जिथे खरा धोका आहे, तिथली सावधगिरी मोडू नये, बरे का!

सहा महिने होऊनही भीती हटत नसेल, शाळा, शेत वा दवाखाना तिच्यापायी सुटत असेल, तर जाणत्याचा सल्ला घ्यावा. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांना अंग सैल सोडून भागत नाही. हातापायांचे स्नायू आवळून धरण्याची वेगळी युक्ती त्यांना शिकवतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. २०२२ सालापासून सरकारने टेली-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न पडता मराठीतून बोलता येते. त्यात लाज कसली? पाय मुरगळला तर आपण दाखवतोच ना!

भीती ही पुष्कळदा शिकलेली असते, आणि शिकलेली गोष्ट मोडून नवी शिकता येते. फक्त मास्तर धिमा हवा आणि पायऱ्या लहान हव्यात.