म्हाताऱ्या कुत्र्याची पाचशे वर्षं

आत्या मुलाकडे कॅनडाला कायमची राहायला गेली, तेव्हा तिची लॅब्राडॉर आमच्याकडे आली. राणी, वय वर्षं 9. स्वभावाने गरीब, पण दोन खोडी पक्क्या. दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायचं आणि रस्त्यात मांजर दिसलं की पट्टा धरणाऱ्याला फरफटत न्यायचं. मी घरून काम करतो. डिलिव्हरीवाल्यांच्या कृपेने माझ्या प्रत्येक मीटिंगला राणीचीही हजेरी लागायची.

एका ट्रेनरला फोन केला. तो म्हणाला, "नऊ वर्षं? आता काय शिकणार ती, साहेब? सहा महिन्यांची असतानाच आणायला हवी होती." स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." झालं. तज्ज्ञ आणि म्हण, दोघांचं एकमत.

मला मात्र तो 'सहा महिने' हा आकडा छळत राहिला. तो आला कुठून? सहाव्या महिन्यानंतर कुत्र्याच्या डोक्यात काही बंद होतं का? उत्तर शोधता शोधता मी पाचशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

'अवघड'चं 'अशक्य' कसं झालं

1523 साली इंग्लंडमध्ये फिट्झहर्बर्ट नावाच्या लेखकाचं शेतीवरचं एक पुस्तक छापलं गेलं. नांगर, बियाणं, गुरांचे आजार असं सगळं त्यात आहे. मेंढ्यांच्या भागात तो मेंढपाळाला सल्ला देतो की कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवून घ्या, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला जमिनीला नाक लावून माग काढायला शिकवणं अवघड जातं.

एक विशिष्ट काम, ते करून घेणारा मेंढपाळ, आणि शब्द 'अवघड'. बास, एवढंच. पुढच्या दोनशे वर्षांत मेंढपाळ गळाला, माग काढणं गळालं आणि 'अवघड'च्या जागी 'अशक्य' आलं. म्हातारा कुत्रा नवं काही शिकत नाही, ही इंग्रजीतली म्हण तयार झाली. म्हणींचं असंच असतं. अटी-शर्ती गळून पडतात आणि निकाल तेवढा उरतो.

झटक्याचा हिशोब

सहा महिन्यांची गोष्ट मात्र बरीच अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पोलिसांसाठी कुत्रे तयार करायला जोरात सुरुवात झाली. त्यातलं मोठं नाव म्हणजे कॉनराड मोस्ट हा पोलिस अधिकारी. 1910 साली त्याचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक आलं. माणूस अभ्यासू होता. कुत्र्याला माणसाची भाषा कळत नाही, कृतीनंतर लगेच काय घडतं त्यावरून तो शिकतो, हे त्याने नेमकं ओळखलं होतं. पण त्या 'लगेच'मध्ये शिक्षेचा वाटा मोठा होता. गळपट्ट्याला झटका, टोचणारा पट्टा, गरज पडली तर छडी.

हीच पद्धत दोन्ही महायुद्धांच्या सैन्यांत गेली आणि तिथून घरगुती कुत्र्यांच्या वर्गांत उतरली. आता विचार करा, दोन महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्याला असा झटका दिला तर काय होईल? इजा होईल, नाहीतर ते कायमचं घाबरट होईल. म्हणून नियम आला की पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबा.

म्हणजे हा आकडा कुत्र्याच्या मेंदूतून आलेलाच नव्हता. गळ्याला झटका सोसेल इतकं जनावर कधी मोठं होतं, त्याचा तो हिशोब होता. पद्धत विस्मरणात गेली तरी आकडा राहिला. माझ्या फोनवरच्या ट्रेनरपर्यंत तो तसाच चालत आला होता.

सैन्यात गेलेले पाळीव कुत्रे

'मोठा कुत्रा शिकत नाही' या समजुतीची सर्वात मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली, तीही कुणी न ठरवता. 1942 साली अमेरिकी सैन्याला कुत्रे हवे होते आणि त्यांच्याकडे जवळजवळ नव्हतेच. मग 'डॉग्ज फॉर डिफेन्स' नावाची मोहीम निघाली. लोकांनी आपले घरचे कुत्रे देशाला द्यायचे. वयाची अट साधारण एक ते पाच वर्षं. म्हणजे ज्यांचं शिकायचं वय म्हणीप्रमाणे टळून गेलं होतं असे हजारो कुत्रे पहारा आणि टेहळणी शिकू लागले.

त्यातला चिप्स प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कजवळच्या प्लेझंटव्हिल गावातल्या एका कुटुंबाचा हा मिश्र जातीचा कुत्रा. जुलै 1943 मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तो एका मशीनगनच्या ठाण्यावर एकटाच धावून गेला आणि आतल्या सैनिकांना शरण यावं लागलं. त्याला पदकं मिळाली आणि जनावराला पदक देता येत नाही म्हणून ती परतही घेतली गेली.

मला चिप्सच्या शौर्यापेक्षा 1945 नंतरची गोष्ट मोठी वाटते. युद्ध संपलं. माणसांवर धावून जायला शिकलेले कुत्रे घरी पाठवायचे कसे? ज्या घरात लहान मुलं आहेत, पोस्टमन येतो, शेजारी साखर मागायला येतात, तिथे? त्यांना मारून टाकणं सोपं होतं आणि तसं सुचवणारेही होते. पण सैन्याने शिकवलेलं विसरवायचा कार्यक्रम हाती घेतला. कुत्रा रोज वेगवेगळ्या माणसांच्या हाती द्यायचा, म्हणजे एकाच मालकाशिवाय बाकी सगळे शत्रू, ही समजूत सुटते. अनोळखी माणूस आला की भुंकण्याऐवजी शांत राहिल्याबद्दल शाबासकी द्यायची. गोंगाटात, गर्दीत नेऊन तपासायचं.

अमेरिकेच्या मरीन कोअरकडे युद्धाच्या शेवटी 559 कुत्रे होते. त्यातले 540 नागरी जीवनात परतले. उरलेल्या 19पैकी 15 आजारपणामुळे गेले. सुधारता येत नाहीत म्हणून मारले गेले ते फक्त 4. हे प्रौढ, सैन्यात शिकलेले कुत्रे होते. एकदा शिकून झालेलं पुसून त्यावर नवं शिकणं हे कोऱ्या पाटीपेक्षा अवघड काम, आणि ते त्यांनी केलं. चिप्सही डिसेंबर 1945 मध्ये आपल्या घरी परतला.

कबुतरं, डॉल्फिन आणि एक 'टक्'

त्याच युद्धाच्या काळात मिनियापोलिसमधल्या एका पीठगिरणीच्या इमारतीत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांना क्षेपणास्त्राची दिशा ठरवायला शिकवत होता. ती क्षेपणास्त्रं कधी उडाली नाहीत. पण त्या खोलीत एक गोष्ट स्पष्ट झाली. हव्या असलेल्या कृतीच्या जवळपास जाणाऱ्या प्रत्येक लहान हालचालीला लगेच दाणा दिला, तर जनावर मिनिटामिनिटाला शिकत जातं. त्या प्रकल्पातले त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी विद्यापीठ सोडून यावर चक्क व्यवसाय उभारला. खाऊ देईपर्यंतच्या क्षणात 'हेच बरोबर' हे सांगायला त्यांनी एक लहानसा आवाज वापरला. कुत्र्यांच्या ट्रेनर लोकांनी मात्र तेव्हा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ही पद्धत पुन्हा कुत्र्यांपर्यंत आली ती समुद्रातून. 1960च्या दशकात कॅरन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवत होती. डॉल्फिनच्या गळ्याला पट्टा बांधता येत नाही आणि रागावलात तर तो पोहून निघून जातो. शिट्टी आणि मासा, एवढंच हाती असतं. 1984 साली तिचं 'डोन्ट शूट द डॉग' आलं, पुढे शिट्टीच्या जागी टक् वाजणारा क्लिकर आला. झटका गेला, तसं वयाचं बंधनही दोन्ही टोकांनी सुटलं. आठ आठवड्यांचं पिल्लूही शिकू शकतं आणि गुडघे दुखणारा म्हातारा कुत्राही.

इथे म्हणीला तिच्या वाट्याचं श्रेय द्यायला हवं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण केलं आणि 1965 साली पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी, इतर कुत्र्यांशी नातं जोडायला शिकतं. हा काळ माणसांशिवाय गेला, तर भीती कायमची राहू शकते. म्हणजे खिडकी आहे, पण ती सोबतीची सवय लागण्याची. शिकण्याचा दरवाजा वेगळा आहे, आणि तो उघडाच राहतो.

समजुतीची किंमत

तुम्ही म्हणाल, एका म्हणीवरून एवढं काय? फरक जीव वाचण्या-जाण्याचा पडतो, म्हणून.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे 4,000 कुत्रे वापरले. 1945चा अनुभव गाठीशी असूनही त्यांची नोंद 'साहित्य' अशी होती. परत आले जेमतेम 200. बाकीचे मारले गेले किंवा तिथेच सोडले गेले. निवृत्त लष्करी कुत्रे दत्तक देता येतील असा कायदा व्हायला 2000 साल उजाडलं. आपल्याकडेही सेवेतून बाद झालेल्या लष्करी कुत्र्यांना मारलं जातं हे 2015 मध्ये माहितीच्या अधिकारातून समोर आलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मग त्यांच्या पुनर्वसनाची भाषा सुरू झाली.

2007 मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू मायकल विक याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर झुंजींसाठी ठेवलेले सुमारे 50 पिटबुल सापडले. हे कधीच सुधारणार नाहीत, असं काही मोठ्या प्राणी संघटनाही म्हणाल्या. न्यायालयाने एकेका कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करायला लावली. आक्रमकतेमुळे फक्त एकाला मारावं लागलं. 22 कुत्रे युटामधल्या आश्रयस्थानात गेले, बरेचसे पुढे घरांत रुळले, आणि काही तर आजारी माणसांना धीर द्यायला जाऊ लागले.

प्रयोगशाळांनी याला आकडे जोडले. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर दोन वर्षं चाललेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना चांगला आहार, काहींना व्यायाम, सोबत आणि शिकण्याचा सराव, तर काहींना दोन्ही दिलं गेलं. दोन्ही मिळालेल्यांची शिकण्याची क्षमता सर्वात चांगली टिकली. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 5 महिने ते 13 वर्षं वयाच्या 95 बॉर्डर कॉलींना टचस्क्रीनवर चित्रं निवडायला लावली. वयस्कर कुत्र्यांना शिकायला जास्त वेळ लागला. पण 'हे नाही, म्हणजे ते असणार' असा तर्क करण्यात तेच तरुणांपेक्षा पुढे होते. आणि सहा महिन्यांनी तपासलं, तेव्हा शिकलेलं लक्षात ठेवण्यात वयाने फरक पडला नव्हता.

फिट्झहर्बर्टचा शब्द बरोबर होता. अवघड.

राणीला आम्ही आधी डॉक्टरकडे नेलं. तिला मागच्या पायांचा संधिवात निघाला. 'बस' म्हटल्यावर ती बसत नव्हती, कारण बसताना दुखत होतं. मग बसण्याऐवजी चटईवर जाऊन आडवं होणं शिकवायचं ठरलं. ऐकू कमी येतं म्हणून शब्दासोबत हाताची खूण. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. बेल आधी मोबाईलवर, अगदी हळू आवाजात, मग हळूहळू खरी.

सात आठवडे लागले. मांजरांचं प्रकरण अजून बाकी आहे. पण परवा बेल वाजली, राणी उठली, दाराकडे बघून एकदाच भुंकली आणि लंगडत आपल्या चटईवर जाऊन पडली. मग मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहिली. आईने मला खूण केली, मीटिंग राहू दे, आधी तिचं चिकन दे.